सेल्फ उचलत नाही

वऱ्हाडात गाडी एकट्या मालकाची असते ती हप्ते भरण्यापुरती. बंद पडली की ती गावाची होते. अमरावतीच्या राजकमल चौकात नाही तर अकोल्याच्या टॉवर चौकात भर दुपारी गाडीनं नुसतं ‘टक्’ करून पुढचं काम नाकारलं, की मालक दार उघडून खाली उतरेपर्यंत पानठेल्यावरचे दोघे येऊन पोचलेले असतात. बॉनेट उघडेपर्यंत दोघांचे पाच होतात. मग ‘जवळपास कोणी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे का हो?’ असं विचारायची सोय राहत नाही, कारण तो हजर मंडळींचा अपमान ठरतो.

“काऊन गा भाऊ, काय झालं?”

“सेल्फ नाही उचलून राह्यला.”

“बॅटरी बसली असन.”

“बॅटरी कायले बसते बे? हॉर्न वाजवा बरं भाऊ.”

हॉर्न वाजतो. चांगला खणखणीत वाजतो. बॅटरी निर्दोष सुटते आणि उरलेल्या संशयितांची चौकशी सुरू होते: पेट्रोलमधलं पाणी, प्लग, वायरिंग कुरतडणारा उंदीर, गाडी पाहून गेलेल्या साडूची नजर, आणि कुठंच काही जमलं नाही तर सरकार.

हॉर्नच्या या साक्षीवर आजवर किती चांगले सेल्फ विनाकारण खोलले गेले असतील, देव जाणे. हॉर्नला चार-पाच अँपिअर करंट पुरतो. दोन्ही हेडलाइट मिळून दहाएक. सेल्फला, म्हणजे इंजीन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरीला, मात्र लहानशा पेट्रोल गाडीतसुद्धा शंभर-दीडशे अँपिअर लागतात; मोठं डिझेल इंजीन असेल तर त्याच्या दुपटीनं. त्यामुळे हॉर्न वाजला यावरून एवढंच सिद्ध होतं की हॉर्न चांगला आहे. पण हे चारचौघांत बोलून दाखवणाऱ्याला वऱ्हाडात ‘लय शिकलेला दिसते’ असं म्हणतात, आणि ते कौतुक नसतं.

खरी गंमत पुढंच आहे. या खटल्यातला मुख्य साक्षीदार तिथंच, इंजिनाच्या बुडाशी बसलेला असतो आणि तो बोलतही असतो. सेल्फला काय झालंय ते सेल्फ स्वतः सांगतो. दर वेळी चावी फिरवली की नव्यानं सांगतो. ऐकायला फक्त थोडी शांतता लागते, आणि आपल्याकडे अडचण आहे ती तिथं.

चावी फिरवल्यावर आत काय होतं ते आधी पाहू. चावीतून येणारा बारीक करंट सेल्फच्या पाठीवर बसलेल्या सोलेनॉइडला उठवतो. सोलेनॉइडमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. एक ओढणारं आणि एक धरून ठेवणारं. ती मधला लोखंडी दांडा आत ओढतात. तो दांडा एका फेरीत दोन कामं करतो. एका टोकानं काट्यासारखी पट्टी ढकलून लहान दातेरी चाक, म्हणजे बेंडिक्सचं पिनियन, फ्लायव्हीलच्या मोठ्या रिंगेत बसवतो आणि दुसऱ्या टोकानं तांब्याची चकती दोन जाड खिळ्यांवर दाबतो. चकती बसली की बॅटरीतला सगळा करंट धाडकन मोटरीत शिरतो. पिनियनला नऊ-दहा दाते, रिंगेला शंभराच्या वर. म्हणून एवढीशी मोटर आख्खं इंजीन फिरवते. इंजीन पेटलं की बेंडिक्समधला एकतर्फी क्लच पिनियनला मोकळं सोडतो. तसं झालं नाही, तर रिंग उलट मोटरीलाच गरगरा फिरवील आणि आतली तार सुटून बाहेर येईल.

आता आवाज. एकच ठळक ‘टक्’ येऊन सगळं थांबलं तर दांडा आत गेला, पण मोटर फिरली नाही. चकती जळाली असेल, मोटरीत करंट पोचवणारे कार्बन झिजले असतील किंवा मोटर जाम असेल. ‘टकटकटकटक’ अशी घाई लागली तर बहुतेक वेळा बॅटरी नाही तर तिचं टर्मिनल. दांडा ओढला जातो, चकती बसते, मोटर करंट मागते, तेवढ्यात बॅटरीचं व्होल्टेज कोसळतं, दांडा सुटतो. दांडा सुटल्यामुळे ओझं जातं, व्होल्टेज सावरतं आणि दांडा पुन्हा ओढला जातो. बॅटरी होकार देते, काम पाहते, नकार देते. हे एका सेकंदात कितीतरी वेळा. ठेकेदारीत याच प्रक्रियेला दोन-तीन वर्षं लागतात. ‘घुंऽऽई’ असा मोकळा सूर आला तर मोटर फिरतेय, पण बेंडिक्सचा क्लच घसरतोय, इंजिनाला पत्ताच नाही. ‘खर्रर्र’ म्हणजे दात दातांवर घासतायत. ते ऐकून चावी सोडावी. आणि काहीच आवाज नाही, अगदी टक् सुद्धा नाही, तर फ्यूज, रिले, चावीचा स्विच, नाही तर ऑटोमॅटिक गाडीचा गिअर ‘पी’ऐवजी ‘डी’त राहिलेला. या शेवटच्या प्रकारात मालक गर्दीकडे न पाहता गाडी चालू करून निघून जातात.

कान तयार नसेल तर डोळ्यांचा उपाय आहे. हेडलाइट लावून समोर भिंत पाहत सेल्फ मारायचा. दिवे विझल्यासारखे झाले तर बॅटरी किंवा तिची जोडणी. दिव्यांना काहीच फरक पडला नाही तर करंट सेल्फपर्यंत जातच नाही. दिवे पडले, टर्मिनल घट्ट आहेत, बॅटरी नवी आहे आणि तरी मोटर हलत नाही, तर मोटर आतून अडकली. ही परीक्षा फुकट आहे आणि तिला दहा सेकंद लागतात. म्हणूनच बहुधा कोणी करत नाही. जिच्यात चर्चेला वाव नाही अशा परीक्षेत आमच्याकडे कोणाला रस नसतो.

दहा सेकंदांवरून आठवलं. सेल्फ एका दमात त्याहून जास्त मारू नये आणि दोन दमांत त्याला मिनिटभर तरी सुस्तावू द्यावं, हे गाडीबरोबरच्या पुस्तिकेत असतं. पुस्तिका डॅशबोर्डाच्या कप्प्यात प्लास्टिकसकट असते. बाहेर गर्दी “मारा भाऊ, अजून मारा, आता लागते, लागली, लागली” असा गजर करते आणि मालक चावी धरून ठेवतो. तळेगाव दशासरच्या शंकरपटात धावणारी बैलजोडी जशी, तसा हा सेल्फ: काही सेकंद जीव तोडून पळायचं आणि मग झूल पांघरून उभं राहायचं. पटाच्या बैलाला दिवसभर वखराला जुंपणाऱ्या माणसाला तळेगावात कोणी पाणी विचारणार नाही. पण तोच शेतकरी गाडीत बसला की वास येईपर्यंत सेल्फ मारतो, आणि वास आल्यावर म्हणतो, “आता लागन.”

अशी दमछाकीची मोटर बनवायची कल्पना सुचली ती गल्ल्यावरून. चार्ल्स केटरिंग हा अमेरिकेतल्या डेटनचा इंजिनिअर आधी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होता. दुकानातल्या गल्ल्याचं मशीन हातानं न फिरवता विजेवर चालावं म्हणून त्यानं लहान मोटर बसवली. ती क्षणभरच चालायची असल्यामुळे तिच्याकडून तिच्या ऐपतीबाहेरचं काम घेता येतं, हे त्याच्या लक्षात आलं. तोच विचार त्यानं मोटारगाडीला लावला आणि १९१२ च्या कॅडिलॅकला विजेचा सेल्फ आला. आपल्याकडच्या कापसाच्या अडत्यांनी याची नोंद घ्यायला हवी होती. गल्ल्याकडे टक लावून बसण्यातून जगाला उपयोगी पडेल असं काहीतरी निघालं, त्याचं हे दुर्मिळ उदाहरण आहे.

त्याआधी होतं हँडल. नंतरही होतंच; आपल्याकडच्या अँबॅसडर आणि फियाटला पुढं हँडलसाठी भोक असायचं आणि डिकीत हँडल. ते फिरवताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती वळवायचा नाही, कारण इंजिनानं उलटा हिसका दिला तर अंगठा किंवा मनगट जायचं. जुने लोक हँडलचा काळ सांगताना फार हळवे होतात. मनगट शाबूत असलेले जास्त होतात.

एवढा खटाटोप लागतो कशाला, असा प्रश्न शाळकरी पोरं विचारतात आणि तो योग्य आहे. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला शून्यातून उठता येत नाही. आधी हवा आत ओढायची, ती दाबायची, मग भडका; पहिले दोन उद्योग दुसऱ्या कोणीतरी करून द्यावे लागतात. वाफेच्या इंजिनाला ही अडचण नव्हती. अमरावती-अकोला रस्त्यावर मूर्तिजापूर लागतं, तिथून अचलपूरकडे आणि यवतमाळकडे शकुंतला रेल्वे जायची. तिचं मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजीन १९९४ पर्यंत राबलं. सात दशकांत सेल्फ एकदाही बिघडला नाही, कारण सेल्फ नव्हताच. वाफ सिलिंडरात सोडली की पहिल्या इंचापासून पूर्ण जोर. अर्थात ती वाफ तयार व्हायला काही तास आधी उठून भट्टी पेटवावी लागायची, आणि गाडी निघाल्यावरही ती निघाली आहे हे लोकांच्या लवकर लक्षात यायचं नाही, असं तिकडचे लोकच सांगतात. विजेच्या मोटरीलाही थांबल्या जागेवरून पूर्ण जोर लावता येतो. म्हणून इलेक्ट्रिक गाडीत सेल्फ नावाचा भाग नाही. पानठेल्यांनी या संकटाचा विचार आत्ताच सुरू केलेला बरा.

मूर्तिजापूर आलंच आहे तर चहा घेऊ. उन्हाळ्यात इथं हमखास घडणारा एक प्रकार असा: अकोल्याहून गाडी तापत आलेली असते. चहासाठी दहा मिनिटं बंद ठेवली, की वारा थांबतो, रेडिएटरचं पाणी फिरायचं थांबतं आणि सायलेन्सरच्या नळीची सगळी धग शेजारच्या सेल्फमध्ये मुरते. तांब्याची तार शंभर अंशांनी तापली की तिचा विरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. कार्बन आधीच झिजलेले, बुश ढिले, त्यात हे. चहा पिऊन आलेल्या मालकाला सेल्फ नुसता ‘टक्’ करून दाखवतो. लोक जमतात. एक जण टर्मिनल हलवतो, दुसरा फ्यूज काढून फुंकून परत लावतो, तिसरा म्हणतो बॉनेट उघडून दोन्ही दारं पण उघडी ठेवा. या सगळ्यात अर्धा तास जातो, सेल्फ निवतो, आणि चावी फिरवताच गाडी लागते. त्या वेळी ज्याचा सल्ला चालू होता तो त्या दिवसापासून मूर्तिजापुरात तज्ज्ञ. पुढच्या प्रत्येक गाडीची तो दोन्ही दारं उघडायला लावतो.

उन्हाचं मोठं काम मात्र बॅटरीवर होतं आणि ते गुपचूप होतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर गेला तर अकोलेकर त्याला बातमी मानत नाहीत. फक्त अमरावतीत त्या दिवशी किती होता एवढं विचारून घेतात आणि आपला आकडा मोठा असला की समाधानानं घाम पुसतात. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. तापमान दहा अंशांनी चढलं की बॅटरीतली झीज साधारण दुपटीनं वाढते असा ठोकताळा आहे. पण उन्हाळ्यात इंजिनाचं ऑइल पातळ असतं, इंजीन हलकं फिरतं, म्हणून तिचं दुखणं दिसत नाही. मग डिसेंबरात कुटुंब चिखलदऱ्याला जातं. पहाटे धुकं, ऑइल घट्ट, बॅटरीतली रसायनं आळसावलेली. गाडी ‘टकटकटक’ करते आणि सगळे म्हणतात, थंडीनं बॅटरी गेली. ती गेली होती मे महिन्यात, अकोल्यात. चिखलदऱ्याला फक्त पंचनामा होतो.

यावरचा राष्ट्रीय उपाय म्हणजे धक्का. चावी चालू, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा. सेल्फचं काम चाकांकडून करून घ्यायचं. धक्का मारणाऱ्या दहा हातांतले चारच जोर लावत असतात. बाकीचे हात गाडीवर विश्वास म्हणून ठेवलेले असतात. मागून चालत ‘दुसऱ्यात टाका, पहिल्यात नोका टाकू’ म्हणणारा एक जण असतोच. त्याचे दोन्ही हात खिशात. कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्या या प्रेमाला दाद द्यायच्या. आताच्या गाड्यांत बॅटरी पार झोपली असेल तर पेट्रोलचा पंप आणि कॉम्प्युटर जागेच होत नाहीत, कितीही ढकला. ऑटोमॅटिक गाडी तर धक्क्यानं लागतच नाही. हे कळल्यावर बाह्या सरसावून आलेल्या मंडळींच्या चेहऱ्यावर जो भाव येतो, तो ताट वाढून झाल्यावर ‘आज माझा उपास आहे’ म्हणणाऱ्या पाहुण्याकडे बघतानाच दिसतो.

मग कोणीतरी ट्रक थांबवतो. थांबवू नये. ट्रकची व्यवस्था २४ व्होल्टची, कारची १२ ची. जंपर केबल तशीच जोडली तर गाडी लागेल न लागेल, कॉम्प्युटर मात्र कायमचा लागेल वाटेला.

पूर्वी अमरावती-अकोला रस्त्याची परिस्थिती अशी होती की बॅटरीचे क्लँप, अर्थिंगचे बोल्ट आणि प्रवाशांचे मणके यांपैकी सगळ्यात आधी कोण ढिलं होतं याचीच चुरस असायची. काही बिघडलं की दोष रस्त्याचा, हा प्रश्न मिटलेला होता. मग जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना पट्ट्यात ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. आधीचा विक्रम कतारमधला होता, २५ किलोमीटरच्या आसपासचा. इतकी वर्षं ज्या रस्त्यानं माणसाला घरी वेळेवर पोचू दिलं नाही, तो पाच दिवसांत जगप्रसिद्ध झाला. वाहनमालकांचं यात मोठं नुकसान झालं. सेल्फ बिघडल्यावर नाव घ्यायला आता काही उरलं नाही.

शेवटी गाडी बोळातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे येते. बाहेर जुन्या आर्मेचरांची माळ, आत टेबलावर ग्रीसचे डबे. तो गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि धंद्यातला पहिला श्लोक म्हणतो:

“हा आधी कोनं खोलला होता?”

अकोल्याच्या माणसाला अमरावतीच्या मिस्त्रीनं हात लावलेली गाडी लगेच ओळखू येते आणि अमरावतीच्याला अकोल्याच्या. दोघांचंही म्हणणं एकच असतं: “काम बराबर नाही केलं त्यानं.”

गर्दी दुकानापर्यंत आलेलीच असते. एक जण सुरुवात करतो, “मी काय म्हणतो, याचं—” मिस्त्री मान वर न करता म्हणतो, “चूप ऱ्हा जरा. भाऊ, सेल्फ मारा.” टक्. “अजून एकडाव.” टक्. तेवढं ऐकून तो मीटर काढतो. एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं इंजिनाच्या अंगावर आणि पुन्हा सेल्फ. तिथं अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंगची पट्टी कुजलीय. सेल्फला हात लावायचंच कारण नाही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी फुलं आली असतील तर गरम पाणी, खायचा सोडा आणि तारेचा ब्रश. एवढ्यावरच कितीतरी गाड्या परत जातात, आणि मालक जरा खट्टू होतात. एवढी माणसं जमली, एवढी चर्चा झाली आणि निघालं काय, तर सोडा.

तसं नसेल तर सेल्फ उतरवायचा. चांगला मिस्त्री आधी बॅटरीची मायनस वायर काढतो. सेल्फकडे जाणाऱ्या जाड लाल वायरीला बहुतेक गाड्यांत फ्यूज नसतो. ती जिवंत असताना पाना तिच्यावरून गाडीच्या पत्र्याला टेकला तर पाना लालबुंद होऊ शकतो. हे न करणाऱ्या मिस्त्रीभोवतीची गर्दी एकदा तरी ठिणग्यांसकट तीन पावलं मागं सरते. खोलल्यावर टेबलावर सगळं उघडं पडतं: नखाएवढे उरलेले कार्बन, कार्बन ज्यावर घासतात ते काळं पडलेलं कमिटेटर, अंड्याच्या आकाराचं झालेलं बुश, तांब्याच्या चकतीवर जळून पडलेला खड्डा. “हे पाहा, कार्बन पुरे जयले.” कार्बन नवे, बुश नवं, कमिटेटरला बारीक पॉलिश पेपर, चकती उलटी फिरवून तिची कोरी बाजू वर. सेल्फ बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. फक्त इथं मालकाला ‘नवाच टाकून द्या’ म्हणायचा मोह आवरावा लागतो.

पण इथपर्यंत सगळ्या गाड्या येत नाहीत, कारण मध्ये एक उपाय आहे आणि दुर्दैवानं तो चालतो. सेल्फच्या अंगावर पान्यानं हलकं ठोकायचं. खाचेत अडकलेला कार्बन हलतो, कमिटेटरच्या जळक्या जागेवर बसलेलं आर्मेचर केसभर सरकतं आणि गाडी लागते. कार्बन तेवढेच आखूड राहतात, पण आजचा दिवस निघतो. मग उद्याचाही. हळूहळू त्या घरात कामाची वाटणी होते, वडील चावी फिरवतात, मोठा मुलगा खाली वाकून ठोकतो, आई गाडीत बसूनच सांगते, “तिथं नाही, थोडं डावीकडे.” सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यांसमोरसुद्धा हे बिनदिक्कत चालतं. आणि कधीतरी ती गाडी विकायला निघते. गिऱ्हाईक फिरून फिरून पाहतं, टायर दाबतं, डिकी उघडतं, व्यवहार ठरतो. कागदपत्रं देताना मालक ड्रायव्हरच्या सीटखालून एक पाना काढून वरून ठेवतो.

“हा कायले भाऊ?”

“गाडीसंगच येते. कंपनीचाच हाय.”